वटवाघळांची नाडीपरीक्षा

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. नमुने मार्च २०२० मध्ये घेतलेले होते आणि ते तपासले होते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा नुकतीच ओसरत होती. आधीच धास्तावलेल्या लोकांच्या मनात साहजिकच आले, आता हे आणखी काय?

अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून विचारले असते, ‘सर, मग ती गुहा बुजवून का टाकत नाहीत? वटवाघळे मारून का टाकत नाहीत?’ तर आपण काय उत्तर दिले असते? प्रश्न सरळ आहे आणि रागावून गप्प बसवण्यासारखा तर मुळीच नाही. मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी वटवाघळांच्या रक्तात, लाळेत आणि मुतात विषाणू शोधण्याची कल्पना माणसाला कशी सुचली, हा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

दिवसा उडणारी वटवाघळे

या इतिहासाची सुरुवात ब्राझीलमध्ये होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या सांता कातारिना प्रांतात गुरे आणि घोडे मोठ्या संख्येने मरू लागले. जनावरांचे पाय लुळे पडत आणि काही दिवसांत ती दगावत. साओ पावलोच्या पाश्चर संस्थेतील आंतोनियो कारिनी यांनी तपास केला आणि हा रेबीज असल्याचे १९११ मध्ये प्रसिद्ध केले. पण पिसाळलेली कुत्री तर त्या भागात फारशी दिसत नव्हती! मग रेबीज आला कोठून? स्थानिक शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळेच होते. वटवाघळे भर दिवसा उडताना आणि गुरांना चावताना त्यांनी पाहिली होती. कारिनींनी ते म्हणणे नोंदवून घेतले. युरोपातल्या पंडितांना मात्र ते पटले नाही.

पुढचा धागा सापडला तो त्रिनिदाद बेटावर. तिथे १९२५ पासून गुरे मरत होती. विषबाधा असावी असा समज झाला. १९२९ मध्ये माणसांनाही पक्षाघातासारखा आजार होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांना वाटले की हा पोलिओ आहे. तिथले जंतुशास्त्रज्ञ जोसेफ लेनॉक्स पवन यांनी मेलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत त्यांना रेबीजची ओळखीची खूण दिसली. पुढे रक्तपिपासू वटवाघळांमध्येही त्यांनी हाच रोग दाखवून दिला. (अशी रक्त पिणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडची वटवाघळे एक तर फळे आणि मध खातात, नाही तर कीटक आणि क्वचित छोटे प्राणी.)

या दोन्ही हकिकतींत तीन गोष्टी समान आहेत. रोग आधी पाळीव जनावरांत दिसला. त्याचे पहिले निदान चुकले. आणि वटवाघळांकडे पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी आली. पुढच्या सत्तर वर्षांत हे असेच पुन्हा पुन्हा घडणार होते.

तबेल्यापासून झाडापर्यंत

सप्टेंबर १९९४. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा या उपनगरात शर्यतीच्या घोड्यांचा एक तबेला होता. तिथले घोडे अचानक तापाने फणफणले, त्यांना धाप लागली आणि एक डझनाहून अधिक घोडे गेले. त्यांची सुश्रूषा करणारा प्रशिक्षकही दगावला. विषाणू नवा होता. त्याला पुढे हेंड्रा हेच नाव मिळाले.

साथ तेवढ्यावर थांबली, पण एक कोडे उरले. ब्रिस्बेनपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला मकाय येथे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन घोडे मेले होते आणि त्यांच्या शवविच्छेदनाला मदत करणारा मालक १९९५ मध्ये मेंदूच्या आजाराने मरण पावला. तपासणीत तोच विषाणू निघाला. या दोन ठिकाणच्या घोड्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मग विषाणू दोन्हीकडे पोचला कसा?

ह्यूम फील्ड नावाच्या पशुवैद्यांनी हा शोध हाती घेतला. आधी त्यांनी त्या भागातले उंदीर, कांगारू, पोसम असे अनेक प्राणी तपासले, पण हाती काही लागले नाही. मग विचाराची दिशा बदलली. जो प्राणी दोन्ही ठिकाणी आढळतो, जो इतके अंतर कापू शकतो आणि जो घोड्यांच्या कुरणात येऊ शकतो, असा प्राणी कोणता? उत्तर होते, उडणारा. म्हणजे पक्षी किंवा वटवाघळे. त्यातही विषाणू सस्तन प्राण्यांना होणारा, तेव्हा वटवाघळांवर संशय अधिक. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या रक्तात हेंड्रा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच सुमारास तारेच्या कुंपणात अडकून गर्भपात झालेल्या एका मादीच्या गर्भाशयातील द्रवातून प्रत्यक्ष विषाणूही मिळाला.

विद्यार्थ्यांना शास्त्रीय पद्धती शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगावे. ‘दिसेल ते तपासा’ या मार्गाने जे सापडले नाही, ते ‘कोणत्या अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत?’ असा प्रश्न विचारल्यावर सापडले.

झाडाखालची चादर

ऑस्ट्रेलियातील हा शोध ताजा असतानाच मलेशियात एक मोठे संकट उभे राहिले. १९९८ च्या सप्टेंबरच्या अखेरीस इपोह शहराजवळ डुकरे पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. काही रुग्णांच्या रक्ततपासणीवरून तो जपानी मेंदूज्वर असल्याचे ठरले. हा रोग डासांमार्फत डुकरांकडून माणसाकडे येतो. त्यामुळे धूरफवारणी झाली, लसीही टोचल्या गेल्या. तरी साथ हटेना.

खरे तर खुणा डोळ्यांसमोर होत्या. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना होतो. इथे आजारी पडत होते ते डुकरांची उठाठेव करणारे मोठे पुरुष. डास काही माणसाचा धंदा विचारून चावत नाही! शिवाय डुकरेही खोकत होती आणि मरत होती, जे जपानी मेंदूज्वरात सहसा होत नाही. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील तरुण विषाणुतज्ज्ञ चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा केला. तो हेंड्राचा जवळचा भाऊबंद निघाला. सुंगाई निपाह या गावावरून त्याचे नाव निपाह पडले. मलेशियात २६५ लोकांना लागण झाली, त्यांपैकी १०५ दगावले. दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली आणि हजारो कुटुंबांचा व्यवसाय बुडाला.

हेंड्राचा भाऊबंद म्हणजे वटवाघळांकडे पाहिले पाहिजे, हे आता लगेच लक्षात आले. इथे मागच्या शोधाचा उपयोग झाला. पण मोठी वटवाघळे उंच झाडांवर लटकतात, त्यांना पकडणे अवघड, आणि एखाद्या वटवाघळात विषाणू नेमका त्याच दिवशी असेलच असे नाही. चुआंनी साधीच युक्ती केली. तिओमान बेटावर ज्या झाडांवर वटवाघळांची वस्ती होती, त्यांच्याखाली त्यांनी प्लॅस्टिकच्या चादरी अंथरल्या. पहाटे वटवाघळे परत आली की चादरीवर मुताचे थेंब पडत. ते थेंब गोळा करायचे. जोडीला वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळेही कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायची. या नमुन्यांतून निपाह विषाणू मिळाला, मुतातूनही आणि उष्ट्या फळावरूनही.

या एका प्रयोगाने दोन गोष्टी साधल्या. वटवाघळांना हात न लावता त्यांची तपासणी करता येते, हे सिद्ध झाले. आणि विषाणू बाहेर कसा पडतो, हेही कळले. मलेशियात डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्यांची आणि इतर फळांची झाडे लावलेली होती. रात्री वटवाघूळ फळावर येई, उष्टे फळ खाली गोठ्यात पडे आणि ते डुक्कर खाई. साखळीच्या सगळ्या कड्या जुळल्या. उपायही त्यातूनच निघाला: गोठ्याजवळ फळझाडे नकोत.

राख आणि निखारा

इथे थोडे थांबून तपासणीचे दोन प्रकार समजावून घेऊ. वर्तमानपत्रांत त्यांची हमखास गल्लत होते.

सकाळी चुलीजवळ गेले आणि राख दिसली, तर इथे कधीतरी विस्तव होता एवढे कळते. तो काल होता की परवा, ते सांगता येत नाही. राखेत निखारा सापडला, तर विस्तव अजून आहे. रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे राख. शरीराचा विषाणूशी कधीतरी सामना झाला होता, एवढेच ती सांगतात. विषाणूचा जनुकीय अंश सापडणे म्हणजे निखारा, म्हणजे विषाणू आत्ता तिथे आहे. आणि जिवंत विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येणे म्हणजे त्या निखाऱ्याने पुन्हा चूल पेटवून दाखवणे.

राख वारंवार सापडते, निखारा क्वचित. शेकडो वटवाघळांच्या रक्तात प्रतिपिंडे असली, तरी एखाद्यातच विषाणू मिळतो. म्हणून एकदा जाऊन नमुने घेऊन भागत नाही. वर्षातून अनेकदा, अनेक वर्षे त्याच वस्तीवर जावे लागते. वैद्य जशी रुग्णाची नाडी एकदा पाहून थांबत नाही, तसेच हे.

काम सोपे नाही. संध्याकाळी बारीक धाग्यांची जाळी गुहेच्या तोंडाशी किंवा झाडांच्या मध्ये ताणायची. अडकलेले वटवाघूळ जाड हातमोजे घालून अलगद सोडवायचे. वजन, लिंग, वय यांची नोंद करायची. घशातला आणि गुदद्वारातला बोळा घ्यायचा, पंखाच्या शिरेतून थोडे रक्त घ्यायचे आणि प्राण्याला सोडून द्यायचे. नमुने अतिथंड स्थितीत प्रयोगशाळेत न्यायचे. अंगावर संरक्षक पोशाख, तोंडावर मुखवटा. ज्यांना हे प्रशिक्षण नाही, त्यांनी वटवाघळाला हात लावू नये हे वेगळे सांगायला नको.

रसाच्या मडक्यावरची झडप

निपाहचा पुढचा अध्याय आपल्या शेजारी घडला. २००१ मध्ये बांगलादेशातील मेहेरपूर आणि आपल्या पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे साथ आली. सिलिगुडीत ६६ जणांना लागण झाली आणि ४५ जण गेले. त्यांत रुग्णालयातले कर्मचारी आणि रुग्णांना भेटायला आलेले नातेवाईक बरेच होते. हा निपाह होता, हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले ते २००६ मध्ये.

बांगलादेशात डुकरे फारशी पाळली जात नाहीत. मग विषाणू माणसात कोणत्या वाटेने आला? रोग जवळजवळ दर हिवाळ्यात दिसे. २००४-०५ च्या हिवाळ्यात तांगाइल जिल्ह्यात १२ जणांना लागण झाली, ११ दगावले. आजारी पडलेल्यांनी काय खाल्ले, काय प्यायले याची घरोघर चौकशी केल्यावर एक गोष्ट वारंवार पुढे आली: खजुरीचा कच्चा रस. हे झाड म्हणजे आपल्याकडची शिंदी. हिवाळ्यात तिच्या खोडाला खाच पाडून खाली मडके बांधतात आणि रात्रभर साठलेला गोड रस पहाटे ताजा पितात. संशोधकांनी झाडांवर अंधारात दिसणारे कॅमेरे लावले. चित्रांत वटवाघळे खाचेवर बसून रस चाटताना स्पष्ट दिसली.

पुन्हा उपाय साधाच निघाला. खाच आणि मडक्याचे तोंड झाकेल अशी बांबूच्या कामट्यांची झडप बांधायची, म्हणजे वटवाघूळ तिथवर पोचत नाही. अशा झडपा काही गाछी पूर्वीपासून रस स्वच्छ राहावा म्हणून वापरतच होते. रस उकळला तरी धोका टळतो. झाड तोडायला नको, वटवाघूळ मारायला नको आणि गाछ्याचा रोजगारही शाबूत.

बांगलादेशात यानंतर दीर्घ पाहणी झाली. २००६ ते २०१२ या सहा वर्षांत २,७८९ मोठ्या फळखाऊ वटवाघळांचे नमुने तपासले गेले. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वटवाघळांमध्ये निपाहची लहर येते ती एखाद्या वस्तीतली प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरली की, आणि ती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येऊ शकते. माणसांत मात्र रोग हिवाळ्यात दिसतो, कारण रस हिवाळ्यात काढतात. म्हणजे विषाणूचे पंचांग आणि माणसाचे पंचांग वेगवेगळे आहे, आणि जिथे ती दोन्ही जुळतात तिथे रोग होतो. एकट्या वटवाघळांकडे पाहून किंवा एकट्या माणसांकडे पाहून हे कधीच कळले नसते.

विहिरीतली चुकीची वटवाघळे

मे २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळ एकाच कुटुंबातली माणसे आजारी पडली. कुटुंबातला दुसरा रुग्ण पाहतानाच तिथल्या डॉक्टरांना निपाहचा संशय आला आणि नमुने तपासणीला गेले. निदान काही दिवसांतच झाले. तरीही एकूण २३ रुग्णांपैकी २१ दगावले. त्यांपैकी बहुतेकांना लागण झाली ती पहिल्या रुग्णाकडून, रुग्णालयांमध्ये.

त्या कुटुंबाच्या विहिरीत वटवाघळे सापडली होती. लगेच सगळीकडे तीच चर्चा. ती वटवाघळे पकडून भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवली गेली. अहवाल आला, निपाह नाही. अनेकांनी त्यावरून घाईघाईने अर्थ काढला की वटवाघळांचा या साथीशी संबंध नाही. पण विहिरीतली ती वटवाघळे कीटक खाणारी होती. निपाह आतापर्यंत मुख्यतः आढळला होता तो मोठ्या फळखाऊ वटवाघळांत. पुढे त्या परिसरातल्या फळखाऊ वटवाघळांचे नमुने घेतल्यावर पुण्याच्या संस्थेला त्यांत निपाह सापडला आणि तो रुग्णांमधल्या विषाणूशी जुळणारा होता.

आज जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे एक जाती वटवाघळाची! ‘वटवाघूळ’ हा एकच शब्द वापरून आपण या सगळ्यांना एका माळेत ओवतो. निसर्गातला विषाणू मात्र असा भेद विसरत नाही. जातींची ओळख हा केवळ परीक्षेपुरता पाठ करायचा विषय नाही, हे यावरून पटावे.

केरळने त्यानंतर नियमित पाहणी आणि रुग्णालयांतली दक्षता चालू ठेवली. निपाह तिथे पुन्हा आला, २०१९ मध्ये, २०२१ मध्ये, २०२३ मध्ये. २०१९ चा एकमेव रुग्ण वाचला. २०२३ मध्ये सहा जणांना लागण झाली आणि दोघे गेले. २००१ च्या सिलिगुडीशी याची तुलना करून पाहावी. संशय लवकर येणे, ही या साऱ्या खटाटोपाची सर्वांत मोठी कमाई आहे.

गुहांमधली वंशावळ

२००२ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात सार्स हा श्वसनरोग सुरू झाला. जगभर आठ हजारांवर लोकांना तो झाला आणि ७७४ मृत्यू पावले. बाजारात विकायला ठेवलेल्या उदमांजरांत विषाणू सापडला, पण पाळलेल्या उदमांजरांत तो सर्रास दिसेना. म्हणजे ती मधली पायरी होती. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की या विषाणूचे नातलग कीटक खाणाऱ्या, नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखा पडदा असलेल्या वटवाघळांत आहेत. पण ते नातलग दूरचे होते. युनान प्रांतातील एका गुहेत वर्षानुवर्षे जाऊन नमुने घेतल्यावर २०१३ मध्ये खूपच जवळचा विषाणू मिळाला. २०१७ पर्यंत पाच वर्षांच्या पाहणीत त्या एकाच गुहेतल्या निरनिराळ्या विषाणूंमध्ये सार्सच्या विषाणूचे सगळे जनुकीय तुकडे सापडले.

कोव्हिडच्या विषाणूचे जवळचे नातलगही अशाच वटवाघळांत, चीन आणि लाओसमध्ये मिळाले आहेत. तो माणसापर्यंत नेमका कोणत्या वाटेने आला, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मग मारून का टाकत नाहीत?

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे.

युगांडातील किटाका येथील खाणीत १९६७ पासून ज्ञात असलेल्या मारबुर्ग विषाणूची लागण २००७ मध्ये काही खाणकामगारांना झाली. खाणीत फळखाऊ वटवाघळांची प्रचंड वस्ती होती. त्यांच्यातच हा विषाणू होता. २००८ मध्ये खाणवाल्यांनी खाणीची तोंडे वेताची कुंपणे आणि जाळी लावून बंद केली आणि वटवाघळे मारून वस्ती उठवली. काही काळाने खाण पुन्हा उघडी पडली आणि थोडी वटवाघळे परत आली. २०१२ मध्ये जवळच्या इबांडा गावात मारबुर्गची साथ आली, १५ जणांना लागण झाली. शास्त्रज्ञांनी खाणीतली नवी वटवाघळे तपासली. पूर्वी १०० पैकी सुमारे ५ वटवाघळांत विषाणू असे. आता तो १०० पैकी १३ मध्ये होता.

असे का व्हावे? जुन्या वस्तीतल्या बहुसंख्य वटवाघळांना विषाणू आधीच होऊन गेलेला होता. ती आता रोगाला दाद देत नव्हती. ती मेली आणि त्यांच्या जागी बाहेरून आलेली, विषाणू कधी न पाहिलेली वटवाघळे आणि नवी पिल्ले आली. विस्तवाला नवे सरपण मिळाले. वस्ती उठवली की उरलेली वटवाघळे दूरवर पांगतात, तो धोका निराळाच.

उलट बाजूचा दाखला ऑस्ट्रेलियातून मिळतो. हेंड्राचा पहिला उद्रेक झाल्यापासून तिथे वटवाघळांच्या वस्त्या, त्यांचे खाणे आणि घोड्यांतला रोग यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९९६ ते २०२० या पंचवीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात फुलणारी जंगले तोडली गेली तसतशी वटवाघळे उपाशी पडली, मोठ्या भटक्या थव्यांऐवजी लहान लहान गटांनी शेते आणि वस्त्यांजवळ कायमची राहू लागली. अल निनोनंतर फुलोरा आटला की पुढच्या हिवाळ्यात घोड्यांत हेंड्रा दिसे. ज्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या जंगलात भरघोस फुलोरा आला, त्या हिवाळ्यात वटवाघळे तिकडे गेली आणि घोडे निरोगी राहिले. काही झाडांचा बहर हा तिथे लसीसारखा उपयोगी पडला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पाहणीच्या मर्यादा

याचा अर्थ असा नव्हे की वटवाघळांचे नमुने घेत राहिले की पुढची साथ आधी कळेल. गेल्या दोन दशकांत जगभर हजारो नमुन्यांतून शेकडो नवे विषाणू शोधले गेले. पण त्यांपैकी कोणता माणसात येईल, हे त्यांच्या यादीवरून सांगता येत नाही. काही नामवंत शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की भविष्य वर्तवण्यापेक्षा जिथे माणूस आणि प्राणी एकमेकांना भिडतात, तिथल्या माणसांच्या आजारांवर लक्ष ठेवण्यात पैसा घालावा. दुसरी बाजू म्हणते, जंगलातली माहिती नसेल तर रुग्णाच्या शरीरात काय शोधायचे हेच कळणार नाही. मागचा इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मलेशियात निदान चुकले कारण वटवाघळांतला हा विषाणू ठाऊक नव्हता. बांगलादेशात रसाची वाट सापडली ती मात्र लोकांच्या घरी बसून, त्यांच्याशी बोलून.

आपल्या घरातली गोष्ट

भारतात ही परंपरा नवी नाही. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या, आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडांच्या मृत्यूंमागचा विषाणू शोधला. हाच विषाणू एका कीटकभक्षी वटवाघळातही सापडल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये निपाहच्या शोधात महाराष्ट्रात वटवाघळे तपासताना एक अगदी वेगळाच विषाणू हाती लागला. त्याला मालसूर असे नाव मिळाले.

आता महाबळेश्वरची बातमी पुन्हा वाचू. गुहेतल्या ३३ फळखाऊ वटवाघळांच्या आणि एका लहान कीटकभक्षी वटवाघळाच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. म्हणजे राख मिळाली. या वटवाघळांचा निपाहशी किंवा त्याच्या एखाद्या जवळच्या नातलगाशी कधीतरी संबंध आला होता. त्या पाहणीच्या वेळी महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती. तेव्हा त्या बातमीचा खरा अर्थ डॉक्टरांसाठी होता: या भागात मेंदूज्वराचा न उलगडणारा रुग्ण आला, तर निपाहचीही आठवण ठेवा.

आणि आपल्यासाठी? गुहांमध्ये विनाकारण शिरू नये, वटवाघळांना दगड मारू नयेत, जमिनीवर पडलेले वटवाघूळ उचलू नये, चावल्यास जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, कुरतडलेले फळ खाऊ नये, उघड्या मडक्यातला कच्चा रस पिऊ नये. एवढे पुरेसे आहे.

गावाच्या वेशीवरच्या वडावर लटकणारी मोठी वटवाघळे वर्षाकाठी एकच पिल्लू देतात. वड, उंबर, मोह यांच्या बिया ती दूरवर नेऊन टाकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना कावळे आणि उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात घातले होते. ते परिशिष्टच २०२२ च्या दुरुस्तीने गेले. कायदा बदलला, पण आपल्या मनातले परिशिष्ट अजून तसेच आहे.

त्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. बाळ, गुहा बुजवली तर विषाणू संपत नाही, फक्त आपल्याला दिसेनासा होतो. आणि ज्याने माणसाला सावध केले, तो जीव आपण विनाकारण मारलेला असतो. गुहा उघडी ठेवून, लांबून, शहाण्या माणसांनी तिच्यावर लक्ष ठेवणे हाच आजवर सापडलेला बरा मार्ग आहे.